दोन आणि तीनच्या मध्ये

माझ्या धाकट्या दिराला, म्हणजे आमच्या भाऊजींना, सगळं गाव 'तीनबार' म्हणायचं. तिसऱ्या खेपेशिवाय कुठलीच गोष्ट पक्की धरायची नाही, असा त्यांचा नेम होता. अजून एक भाकर वाढू का विचारलं, की "नको एक बार... नको दोन बार..." म्हणत हे छताकडं बघत बसायचे. मी भाकर हातात धरून ताटकळायची. मग सावकाश म्हणायचे, "बरं, वाढा." तोवर भाकर गार. गार का, हे वर मलाच विचारायचे!

ही सवय त्यांना देवीच्या लिलावानं लावली. आमच्या भोकरदन तालुक्यातल्या गावात नवरात्रात देवीला आलेल्या साड्यांचा दसऱ्यानंतर लिलाव होतो. देवीच्या अंगावरची साडी, म्हणून लेकीच्या लग्नाला, बाळंतिणीच्या ओटीला ती घ्यायला बायका लांबून येतात. वर्षानुवर्षं बोली पुकारायची ती भाऊजींनी. साडी उचलली की आधी तिचं भोक दाखवायचे, उदबत्तीनं पडलेलं. जरीचा काठ नंतर. कमिटीवाले डोक्याला हात लावायचे. हे म्हणायचे, "घरी गेल्यावर दिसणारच हाय की. मंग इथंच बघू द्या."

आणि 'दोन बार' म्हटलं की थांबायचे. म्हणजे इतके थांबायचे, की लोकांचा चहा पिऊन व्हायचा. लिंबाखाली मागं उभ्या असलेल्या, हात वर करू की नको करणाऱ्या बाईकडं बघत राहायचे. तिचा हात वर आला, की असं झटक्यात "तीन बार!" म्हणायचे, की पुढं बसलेल्या सावकाराचं तोंड उघडंच राहायचं. म्हणायचे, "वहिनी, दोन आणि तीनच्या मधी देवीला बसायला जागा ठेवावी लागती."

मग कमिटीला नवा माइक मिळाला आणि भाऊजींना शाल-श्रीफळ. माणसाला घरी बसवायची आपली ही रीत मोठी प्रेमाची. "तुमच्या घशाला आराम द्या," असं म्हणाले. त्या घशाचं ह्या लोकांना आजवर कधी काही पडलं नव्हतं. भाऊजी शाल पांघरून ओट्यावर बसले ते बसलेच. भाकर वाढू का विचारलं तर पहिल्यांदाच "नको" म्हणायला लागले. तेव्हा मात्र मला घोर लागला.

त्यांची लेक सुमी पुण्याहून आली होती. तिनं बापाच्या मोबाईलमध्ये लिलावाचं अ‍ॅप टाकलं. "बाबा, इथं कमिटी नाही की माइक नाही. जुन्या वस्तू ठेवा, लोक बोली लावतील." झालं! दुसऱ्या दिवशी माळ्यावरचं सासूबाईंचं पितळी घंगाळ खाली उतरलं आणि चिंच लावून घासायला अर्थातच वहिनी. व्यापार त्यांचा, खांदे माझे.

फोटोत भाऊजींनी घंगाळापुढं नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं, आणि बुडाजवळचा पोचा सगळ्यात आधी दाखवला. पुण्याला परत गेलेली सुमी फोनवरून ओरडली, "बाबा, पोचा कशाला पुढं?" ह्यांचं ठरलेलं उत्तर, घरी गेल्यावर दिसणारच हाय की. दोन दिवसांनी कुणीतरी विचारलं, नारळ सोबत मिळेल का. मी म्हटलं, "बघा भाऊजी, गिऱ्हाईक आलं. नारळाला."

पण खरं गिऱ्हाईकही आलं. नांदेडच्या एका बाईनं लिहिलं, की आमच्या आईचं अस्संच घंगाळ होतं, वाटणीत मोडीत गेलं. आम्ही सगळी भावंडं त्यातल्या पाण्यानं न्हालो. आता माझ्या लेकीचं बाळंतपण आहे, मला हे हवंय. भाऊजींनी मला ते वाचून दाखवलं. किती वेळा, ते सांगायला नको.

लिलाव संपायच्या दिवशी दुपारी आमच्या ओट्यावर निम्मी गल्ली जमली. मोबाईल पाटावर, भाऊजी त्याच्यापुढं मांडी घालून, अंगावर शाल. त्या बाईची बोली सगळ्यात वर होती. मोबाईलला कान नसतात हे सांगायची कुणाची हिंमत होईना. "घंगाळ एक बार!" गल्ली दणाणली. तेवढ्यात मुंबईच्या कुणा हॉटेलवाल्याची बोली तिच्या वर आली. "दोन बार!" म्हणून भाऊजी थांबले. बाईची वाट बघायला लागले. डोळ्यांत तीच चमक, लिंबाखाली बघतानाची.

घड्याळ काही थांबलं नाही. पडद्यावर आलं, 'लिलाव संपला'.

"संपला कसा?" भाऊजी उठून उभे राहिले. "मी तीन कुठं म्हणलो?"

हॉटेलवाल्याचा लगेच निरोप आला, लवकर पाठवा, दारात पाणी भरून फुलं तरंगवायची आहेत. त्या बापड्याचं काही चुकलं नव्हतं. मी भाऊजींना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "वहिनी, तीन म्हणल्याबिगर माल गेला तर ती चोरी. मी थांबून राह्यलो होतो ना तिच्यासाठी!" त्या नांदेडच्या बाईनं कुठूनसा नंबर मिळवून फोन केला, आणि ह्यांनी घंगाळ घरच्या कापसात गुंडाळून, तिच्याच बोलीवर, भोकरदनच्या कुरियरवाल्याकडं नेऊन दिलं.

मग हॉटेलवाल्यानं एकच चांदणी दिली आणि खाली लिहिलं, 'फसवा विक्रेता'. खातं बंद. भाऊजींनी कंपनीला सगळी हकीकत लिहिली, देवीपासून. उत्तर आलं, 'आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.' किती मोलाचा, ते काही त्यांनी कळवलं नाही. 'फसवा' हा शब्द मात्र भाऊजींना लागला. देवीसमोर इतकी वर्षं पुकारा केला, पण असं कुणी म्हटलं नव्हतं. पुन्हा "नको" सुरू झालं.

मग एक दिवस नांदेडहून फोटो आला. घंगाळात वाफाळतं पाणी, शेजारी आजीच्या पायांवर उताणं, रडून लालबुंद झालेलं बाळ. भाऊजी तो फोटो घेऊन गावभर हिंडले. बाळ नंतर, बोटांनी मोठं करून आधी बुडाजवळचा पोचा दाखवायचे. "बघा, आपलंच हाय." त्या दिवशी जेवताना छताकडं बघून म्हणाले, "नको एक बार..." मी भाकर गार होऊ दिली.

पुढच्या नवरात्राच्या आधीच भाऊजी गेले.

दसऱ्यानंतर लिलावाला मी गेले, उगीच. कमिटीचे सचिव माइकवर गुळण्या केल्यासारखं "एकबारदोनबारतीनबार" करत होते. साड्या पुढच्या रांगेतच संपत होत्या. एक हिरवी साडी निघाली. लिंबाखाली एक बाई उभी होती, कडेवर लेकरू. तिचा हात छातीपर्यंत आला आणि तिथंच राहिला. सचिव 'दोन बार'वर आले.

"थांब रे!" मी भर मंडपात ओरडले.

"काकू, लई साड्या हायेत अजून. किती थांबू?"

"दोन म्हणलास ना? मंग थांब. माणसाला हात वर करायला वेळ लागतो."

बिचारा थांबला. सगळ्यांनी वळून मागं बघितलं. त्या बाईनं आधी माझ्याकडं बघितलं, मग देवीकडं, आणि हात वर केला.

तीन मात्र मीच म्हणाले. त्यांच्या माइकपेक्षा जोरात.