नोंदवहीतला दगड

आहेर सरांच्या हातात कुठलीही वस्तू दिली की ते आधी डोळे मिटत. मग ती तळव्यात हळूहळू फिरवत, अंगठ्याला जागा सापडेपर्यंत. सापडली की म्हणत, "हा बघा, इथं हात हाय." आमच्या कॉलेजच्या संग्रहालयात मी मदतनीस म्हणून लागले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या डब्यातला चमचासुद्धा असाच तपासला. या माणसाशी आपलं काही जमायचं नाही, असं मला वाटलं. पुढे चौदा वर्षं जमलं.

संग्रहालय कसलं, गंगापूर रोडवरच्या जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या. जाती, दिवे, अडकित्ते, धान्याची मापं आणि गोदाकाठी मिळालेली काही दगडी हत्यारं. नोंदवहीत प्रत्येक वस्तूपुढे एक रकाना होता: आर्टिफॅक्ट, आहे किंवा नाही. मुलं तिथेच अडायची. सर सांगत, त्यातल्या फॅक्टचा खऱ्याखोट्याशी संबंध नाही, मूळ अर्थ 'कसबानं केलेलं' एवढाच. 'मानवनिर्मित वस्तू' हा प्रतिशब्द मात्र त्यांना मुळीच आवडत नसे. "हे धरणाला म्हणा," असं म्हणून ते तो उडवून लावत.

एका मुलीनं मधाच्या पोळ्याचं काय, असं विचारलं होतं. सर खुश झाले. "मधमाशी लय हुशार, पण आपल्या वहीत तिला जागा नाय. माणूस पाहिजे." मग प्लास्टिकची बाटली? तीसुद्धा, म्हणाले; फेकून दिली तरी कुणीतरी केलेलीच ना. देवळ्याकडची ती बोली त्यांनी वर्गातही कधी सोडली नाही.

खिडकीपाशी एका काचपेटीत मुठीएवढा काळा दगड होता. बाकीच्या पेट्या मी पुसत असे, ती मात्र सर स्वतः पुसत. त्याचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, तेही फडकं हातात असताना, माझ्याकडे न बघता. लग्नाच्या पहिल्या वर्षी ते सासुरवाडीला, सायखेड्याला गेले होते. त्यांच्या पत्नी सुमनबाई पाय धुवायला नदीत उतरल्या आणि हा दगड घेऊन वर आल्या. कुणीतरी घडवलाय हा, अंगठा बरोबर बसतो, असं म्हणाल्या. सरांनी तो नोंदवला: दगडी घण, आर्टिफॅक्ट आहे, शोधणाऱ्याचे नाव सौ. सुमन आहेर. तिसऱ्या वर्षी बाई आजारपणात गेल्या. मूलबाळ नव्हतं. सरांनी पुन्हा लग्न केलं नाही.

सर निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी बाहेरच्या एक तज्ज्ञ बाई नोंदी तपासायला आल्या. त्यांनी तो दगड भिंगाखाली बराच वेळ पाहिला. घडवल्याची एकही खूण यावर नाही, हा आकार पाण्यानं आलाय, असं त्या अगदी सौजन्यानं म्हणाल्या. सरांनी दगड हातात घेतला, डोळे मिटले. नेहमीपेक्षा फार वेळ लागला. मग वही उघडून त्यांनी स्वतःच लाल शाईनं ती ओळ मारली. रेघ सुमनबाईंच्या नावावरूनही गेली.

मला राग आला. तज्ज्ञ बाई गेल्यावर मी म्हटलं, "सर, राहू द्यायची होती. कोण विचारतंय?"

"हात नाय त्यात, ताई. इतकी वर्षं मीच घालत होतो." वही मिटत म्हणाले, "खोट्या ओळीत तिचं नाव ठेवू का?"

त्या संध्याकाळी दगड त्यांच्या पिशवीत डब्याशेजारी बसून घरी गेला. सुमनबाईंचं नाव लिहिलेलं असं आणखी कुठे काही उरलं असेल, असं मला वाटत नाही.

निवृत्तीनंतर सर पंचवटीतल्या खोलीत एकटे राहिले. आधी मी दर दिवाळीला जायची, मग फोन करायची, मग तोही राहून गेला. घर काही लांब नव्हतं. त्यामुळे सबब सांगत नाही, चुकलंच माझं. शेवटचं गेले तेव्हा ते लहानशा पाट्यावर चहासाठी आलं ठेचत होते, त्याच दगडानं. ठेचून झालं, पातेल्यात टाकलं आणि मग माझी आठवण होऊन त्यांनी आणखी एक तुकडा घेतला.

"दोघांचा अंदाज राहिला नाय आता," ते म्हणाले. मी हसले. तेव्हा हसायला नको होतं.

त्यालाही तीन वर्षं झाली. यंदा उन्हाळ्यात सर गेले. देवळ्याहून आलेल्या पुतण्यानं पुस्तकं न्यायला मला बोलावलं. स्वयंपाकघरात एक पातेलं, एक कप आणि ओट्यावर पाट्याशेजारी तो दगड. मी उचलला आणि सरांसारखे डोळे मिटले. एक टोक अकरा वर्षं ठेचून ठेचून खडबडीत झालं होतं, त्यावर बारीक खळगे पडले होते. दुसऱ्या बाजूला अंगठा आपोआप एका जागी सरकला. तिथे दगड गुळगुळीत होता, थोडा तेलकटही. हे पाण्याचं काम नव्हतं. मला रडू आवरेना.

पुतण्या गोंधळला. हा नेऊ का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "दगडच हाय, न्या ना."

संग्रहालयात आता सरांच्या खुर्चीवर मी बसते. दुसऱ्या दिवशी वही काढली. लाल रेघेला हात लावला नाही, ती तेव्हा बरोबरच होती. नव्या पानावर नवा क्रमांक घातला आणि रकाने भरले.

वस्तू: ठेचणीचा दगड. आर्टिफॅक्ट: आहे. शोधणाऱ्याचे नाव: सौ. सुमन आहेर, सायखेडा. वापरणाऱ्याचे नाव: त्यांचे यजमान. उपयोग: एका माणसाच्या चहापुरतं आलं ठेचण्यासाठी.