आधी मधमाश्यांचं

मुलुंडला आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा स्वातंत्र्याला पाचसहा वर्षं झाली असतील. गल्लीच्या टोकाला एक गृहस्थ राहायचे. त्यांचं नाव मला कधीच कळलं नाही. बाकीचे लोक कुंपणाला मेंदी लावत. यांनी कडेनं नुसती भडक फुलं लावली होती. मागे लाल कर्दळ, पुढे केशरी झेंडू आणि झिनिया. बघूनच उकडायचं.

अख्खी गल्ली देवासाठी फुलं तिथूनच आणायची, तीही न विचारता, उजाडायच्या आत. एके दिवशी ते गृहस्थ गंजीफ्रॉक घालून तिथेच खुर्ची टाकून बसले. माझ्या सासूबाई परडी घेऊन पुढे झाल्या, तसा त्यांनी नाक्यावरच्या पोलिसासारखा तळहात वर केला.

"ऊन येऊ द्या. आधी मधमाश्यांचं होऊ दे, मग देवाचं."

"अहो, घरी देव पारोसे बसलेत," सासूबाई म्हणाल्या.

"आत माझे भोपळेही खोळंबलेत. माश्या इथे आल्या तरच पुढे वेलावर जातात, आणि तेव्हाच भोपळा धरतो."

तेव्हापासून आमची पूजा उन्हं वर आल्यावर होऊ लागली. सासूबाई रोज पुटपुटायच्या, "मेल्यानं देवाला रांगेत उभं केलंय."

मग एका रविवारी परडीतून एक मधमाशी घरात आली आणि गणपतीला वाहिलेल्या झेंडूवर जाऊन बसली. तिला हाकलायला मी पदर उचलला. सासूबाईंनी हातातली घंटा खाली ठेवली आणि तळहात वर केला.

"थांब गं. तिचं होऊ दे."