पाय ऐनाचे, फळी देवदारची

लग्न होऊन मी वसईच्या किनाऱ्याकडच्या त्या वाडीत आले तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो. मी, नवरा आणि सासरे. सासऱ्यांना सगळे आबा म्हणायचे, मीही म्हणू लागले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. चार दिवसांतच माझ्या लक्षात आलं, की बाप-लेक एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण म्हणावं तर तेही नाही. जेवायला शेजारी शेजारी बसायचे, पण बोलणं सगळं माझ्यामार्फत.

"तुझ्या नवऱ्याला विचार, केळींना पाणी सोडलं का."

नवरा हातभर अंतरावर भात कालवत असायचा. माझ्याकडे बघून म्हणायचा, "सोडलं म्हणावं."

मी तोंड उघडायच्या आत आबा मान हलवून मोकळे. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. नंतर नंतर हसू येईनासं झालं.

कारण हळूहळू कळलं. आमच्या विहिरीवर रहाट होता. बैल गोल फिरायचा, चाक फिरायचं, माळेला बांधलेले डबे भरून वर यायचे आणि पाटात ओतले जायचे. आबांचं सगळं आयुष्य त्या बैलामागे गेलेलं. मग आमच्या भागात विजेचे पंप आले. नवरा गोखिवऱ्याच्या एका लहानशा कारखान्यात कामाला होता, यंत्रातलं त्याला कळायचं. त्याने विहिरीवर पंप बसवला. तोवर आबांनी कुरकूर केली, पण अडवलं नाही. पुढे बैल गोठ्यात नुसता उभा राहू लागला, आणि आबा एका लग्नाला परगावी गेले असताना नवऱ्याने तो विकून टाकला.

"विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते," तो मला म्हणाला.

ते खरं होतं. पण विचारलं नव्हतं, हेही खरंच होतं.

रहाट मोडून त्याचं लाकूड फणसाखाली रचलं होतं. ऐनाचं लाकूड, वर्षानुवर्षं पाणी पिऊन काळं झालेलं. आबा त्यावर झावळ्या घालायचे, वाळवी लागली का ते बघायचे. कुणी सरपणासाठी मागितलं तर नुसती मान फिरवायचे.

मी फुलपाड्याच्या एका शाळेत शिकवत होते. संध्याकाळी ओटीवर मांडी घालून वह्या तपासायचे, आणि उठताना पाठ धरायची. एकदा मी सहज म्हटलं, "एखादं टेबल असतं तर बरं झालं असतं." दोघांनीही ऐकलं. आबा उठून फणसाखालच्या झावळ्या सारख्या करायला गेले. नवरा मात्र दुसऱ्या दिवशी सायकलच्या कॅरिअरवर फळ्या बांधून घेऊन आला. कारखान्यात मशीनं ज्या खोक्यांतून येत त्या खोक्यांचं हे देवदार. पांढुरकं, हलकं, राळेचा वास येणारं. काही फळ्यांवर काळ्या शाईने बाणाची चित्रं होती. असं आठवडाभर तो रोज थोडं थोडं आणत राहिला.

रविवारी अंगणात टेबल उभं राहिलं. नवऱ्याने मोठ्या हौसेने मला बोलावलं. मी वह्यांचा गठ्ठा वर ठेवला, तसं ते टेबल वाऱ्यावरच्या केळीसारखं डुललं. त्याने आणखी दोन खिळे मारले. ते दुसऱ्या बाजूला डुलू लागलं.

आबा ओटीवर सुपारी कातरत बसले होते. अडकित्ता थांबला.

"त्याला सांग, पायांत दम नाही. खोक्याचं लाकूड उभं राहत नसतं."

"त्यांना सांग, माझ्याकडे हेच आहे," नवरा म्हणाला.

मी कुणालाच काही सांगितलं नाही. आत जाऊन चहा टाकला. बाहेर आले तर आबा फणसाखाली होते. झावळ्या बाजूला सारून एका जाड वाशावर हात फिरवत होते. मग मला म्हणाले, "पोरी, याचे चार पाय निघतील. पण माझ्या एकट्याच्याने कापवणार नाही."

घरची करवत त्या लाकडापुढे खेळणंच. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे माडाची खोडं कापायची दोन मुठींची लांब करवत होती, ती मी मागून आणली. तिला दोन्हीकडे माणूस लागतो. मी पदर खोचून पुढे झाले, पण आबा म्हणाले, "तुझं काम नाही ते." मग ते एका मुठीशी बसले. दुसरी मूठ तशीच राहिली. नवरा जरा वेळ उभा होता. मग येऊन बसला.

सुरुवात वाईट झाली. एक ओढत असताना दुसरा ढकलत होता. करवत वाकायची, अडकायची. नवऱ्याने रागाने मूठ सोडली, पुन्हा धरली. शेवटी आबा ओरडले, "ढकलू नकोस! मी ओढतो तेव्हा नुसता धरून राहा. आता तू ओढ."

त्याने ओढलं.

"सोड. आता ओढ. सोड."

लाकडात एक सरळ रेघ उतरू लागली. बाहेरून काळं दिसणारं ते लाकूड आत तपकिरी, गडद गुळासारखं निघालं. तोवर मी आतून चहाचे कप आणले होते, ते हातात घेऊन तशीच उभी होते. आपण लेकाशी सरळ बोललो हे आबांना कळलं की नाही, कोण जाणे. नवऱ्याला कळलं होतं. त्याची मान खाली होती, आणि कपाळावरचा घाम तो पुसतच नव्हता.

पुढचे सगळे रविवार याच कामात गेले. बोलणं म्हणाल तर भांडणच. ऐनात खिळा जाईना, वाकून बाहेर यायचा. आबा म्हणाले, बांबूच्या खुंट्या मारू. नवरा म्हणाला, आधी भोक पाडायला हवं, आणि कारखान्यातून हाताने फिरवायचा ड्रिल मागून आणला. आबांनी ते भोक बोट घालून तपासलं. "बरं आहे," म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ. वरच्या फळीला मात्र देवदारच लागलं, कारण रहाटात रुंद फळी नव्हतीच. "वजन पायांनी धरायचं. वर काय, वह्याच ठेवायच्या आहेत," आबांनी स्वतःच तोडगा काढला.

टेबल तयार झालं. या वेळी ते जागचं हललं नाही. दोघं मोठ्या अभिमानाने बघत होते. मी लोखंडी घडीची खुर्ची ओढून बसले, तर फळी माझ्या छातीला लागली. आबा उंच, नवराही उंच. मी बसून लिहिणार, हे मोजताना कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. क्षणभर वाटलं, गप्प बसावं. एवढं जमून आलंय, आता कशाला मोडता घालायचा. पण रोज त्या टेबलाशी बसायचं मलाच होतं.

"आबा, चार बोटं उंच झालंय," मी म्हटलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तू मोजलं होतंस," आबा म्हणाले.

"तुम्ही सांगितलं तसं मोजलं," नवरा म्हणाला.

आणि करवत पुन्हा आणावी लागली.

शेवटचा वाद रंगाचा. नवऱ्याने कारखान्यातून उरलेला हिरवा ऑइलपेंट आणला होता. पाय काळे, फळी पांढरी, त्यावर बाणांची चित्रं. लोक हसतील, सगळं एकरंगी करून टाकू, असं त्याचं म्हणणं. आबा म्हणाले, ऐनाला रंगाची गरज नाही. नवरा म्हणाला, मग नुसती फळी रंगवतो. बराच वेळ चालल्यावर दोघे माझ्याकडे वळले.

"टेबल तुझं. तू सांग."

मी फळीवरून हात फिरवला. बाणाची शाई घासूनही गेली नव्हती. "राहू दे असंच," मी म्हटलं. नवरा जरा हिरमुसला. मग डबा उचलून गेला आणि पंपाच्या खोलीचं दार रंगवून आला. आबांनी लांबूनच ते दार पाहिलं. म्हणाले, "तिथे शोभतोय."

बैलाचा विषय निघाला नाही. त्या घरात तो पुढेही कधी निघाला नाही.

रहाटाचं लाकूड अजून बरंच उरलं होतं. ओटीवर बसायला बाकडं करावं असं आबांच्या मनात आलं, पण वर घालायच्या देवदारी फळ्या त्यांना स्वतः निवडायच्या होत्या. मग एका सकाळी नवऱ्याने त्यांना सायकलच्या मागे बसवलं आणि गोखिवऱ्याला नेलं. लेक जिथे काम करतो ती जागा आबांनी तोवर पाहिलीच नव्हती.

ते दुपारी एकटेच परतले, दुसऱ्या कुणाच्या तरी बैलगाडीत फळ्या टाकून. मी शाळेतून आल्यावर आबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. 

"तिथे बसायला जागाच नाही," म्हणाले. "मशीनपुढे दिवसभर उभा असतो. कानांत आवाज. मी हाक मारली तर ऐकूही गेली नाही त्याला."

मी भाकरी थापायची थांबले.

"संध्याकाळी येईल तेव्हा कढत पाणी ठेव. मीठ टाक त्यात," आबा म्हणाले. "पाय शेकू दे त्याला."