चिंबोऱ्यांवरचा माझा शोधनिबंध

परवा माळा आवरताना माझ्या एमएस्सीच्या शोधनिबंधाचा पहिला कच्चा खर्डा हाती लागला आणि पहिलंच वाक्य वाचून कान गरम झाले. ‘अनादी काळापासून मानव आणि निसर्ग यांचे अतूट नाते आहे.’ हे सगळं इंग्रजीत, आणि इंग्रजीत ते आणखी वाईट दिसतं. विषय काय, तर विक्रोळीच्या खाडीतल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे. पहिली चिंबोरी उगवते थेट सहाव्या पानावर. तोवर मी पृथ्वीचा जन्म उरकून घेतला होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. संपात गिरणी सुटल्यावर वडील साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लागले होते, आणि आई चाळभर सांगत फिरायची की आमचा मुलगा सायंटिस्ट होतोय. मी तिला कधी अडवलं नाही. उलट खांद्याला शबनम लटकवून जरा सावकाश चालायचो, लोकांना नीट बघता यावं म्हणून.

कामाची कल्पना झकास होती. खाडीच्या एका बाजूला तिवरं दाट, पाणी बरं. दुसऱ्या बाजूला एका कारखान्याचं पाइपातलं पाणी येऊन पडायचं. दोन्हीकडे सुतळीने चौकोन आखायचे, ओहोटीला त्यातल्या चिंबोऱ्या मोजायच्या, आणि त्या पाण्याने काय बिघडलं ते दाखवायचं. अडचण एवढीच की सायंटिस्टला चिखलात चालता येत नव्हतं. पहिल्याच दिवशी मांडीपर्यंत रुतलो. चप्पल आत गेली ती गेलीच. मला ओढून बाहेर काढलं ते तिथेच चिंबोऱ्या धरणाऱ्या एका कोळीण मावशीने. हसत हसत काढलं, पण काढलं.

पुढचं वर्षभर तिनेच मला चिखल शिकवला. पाय कुठे ठेवायचा, बिळात लोखंडी आकडा कसा घालायचा, कुठल्या तिथीला ओहोटी कधी लागते, सगळं. मोजायलाही तीच मदत करायची. हे ती फुकट का करते, हे मी एकदा विचारलं. ती म्हणाली की पाइपाचं पाणी आल्यापासून त्या बाजूच्या चिंबोऱ्यांना घासलेटचा वास मारतो, बाजारात कोणी हात लावत नाही, म्हणून तिकडे आता कुणी धरायलाच जात नाही. अर्धी खाडी गेली, आणि तिचं बोलणं कोण ऐकणार? मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तू शिकलेला हायस. तू लिव. तू लिवलंस तं मानतील.”

मी लिहितो म्हणालो. छाती फुगली होती ना.

मावशी कुणाला रिकाम्या हाताने घरी पाठवत नसे. मी पोचायच्या आधी चांगल्या बाजूला तिची एक फेरी झालेली असायची, आणि जाताना त्यातल्या दोन-तीन चिंबोऱ्या माझ्या पिशवीत पडायच्या. आई त्यांचं तिखटजाळ कालवण करायची. मी बोटं चाटत वहीत आकडे उतरवायचो.

आकडे मात्र गंमत करत होते. घाणेरड्या बाजूला चिंबोऱ्या जास्त, चांगल्या बाजूला कमी. दर खेपेला तेच. आता कुणीही शहाणा माणूस थांबून विचार करेल. मी विचार नाही केला, मी सरासरी काढली. दशांशचिन्हापुढे तीन आकडे काढले, म्हणजे चिंबोरीचे हजार तुकडे करून मोजल्यासारखं वाटावं. न वाचलेल्या पुस्तकांची नावं शेवटी रांगेने लावली. आणि निष्कर्षात ठोकून दिलं की कारखान्याच्या पाण्यातली द्रव्यं चिंबोऱ्यांना पोषक आहेत, हे निर्विवाद सिद्ध झालं आहे. निर्विवाद! मावशी जे बोलली होती त्यातलं अक्षरही मी घेतलं नाही. ती काय छापील पुस्तक होती? तिचा संदर्भ कसा देणार?

माझ्या सरांनी ते टायपिंगला जायच्या आधी वाचलं. पहिली पाच पानं त्यांनी एकाच तिरक्या रेघेत खलास केली. निष्कर्षापाशी मात्र पेन खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं की या चांगल्या बाजूला चिंबोऱ्या कोण धरतं. मी सांगितलं, मावशी. आणि त्या बाजूला? कुणीच नाही, वास मारतो म्हणून. बरं, आणि धरलेल्या चिंबोऱ्यांचं काय होतं?

“काही विकते सर,” मी म्हणालो. “काही आम्ही खातो.”

सर म्हणाले, “म्हणजे तू पुरावा भाताबरोबर खाल्लास.”

वाट लागली होती. सादर करायला आठवडा उरला होता. नव्याने मोजणं शक्य नव्हतं, पण मावशीचं म्हणणं तिच्या नावानिशी लिहिणं शक्य होतं. नव्हतं ते माझं धाडस. परीक्षक हसतील असं वाटलं. म्हणून मी ‘पोषक’ खोडलं, ‘निर्विवाद’ खोडलं, आणि त्या जागी एक गुळगुळीत वाक्य बसवलं. दोन्ही बाजूंत फरक दिसतो, कारणांसाठी अधिक अभ्यासाची गरज आहे. सगळी पोरं शेवटी हेच लिहायची. कुणी नापास होत नसे. मीही झालो नाही.

निकालाचे पेढे घेऊन मी मावशीकडे गेलो. तिने पेढा बाजूला ठेवला आणि आधी विचारलं की पाण्याचं लिहिलं ना. मी नजर चुकवत शेवटचं वाक्य मराठीत करून सांगितलं. वाटलं, आता ही शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती नुसती मान हलवत राहिली, अगदी पटल्यासारखी. मग म्हणाली, “बरोबर हाय. एका वरसात काय व्हतंय? अष्टमीला दुपारी ओहोटी हाय. येशील ना?”

ते वाक्य लिहिताना उरलेला अभ्यास दुसरं कोणीतरी करणार, असं मी धरूनच चाललो होतो. तिने ते वाक्य खरं मानलं, आणि तो अभ्यास मीच करणार, हेही. मी येतो म्हणालो. तिने नेहमीसारख्या दोन चिंबोऱ्या बांधून दिल्या, त्याही मी घेतल्या.

त्या अष्टमीला दुपारी मी अंधेरीत, गळ्यात टाय बांधून, एका औषध कंपनीच्या खोकल्याच्या औषधाचे फायदे पाठ करत होतो.