कोपऱ्यातला गोल बिल्ला

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं शिक्षण इंजिनावर झालं. अकोल्याहून येऊन खंडव्याच्या शेडमध्ये इंजिनं पुसायला लागलो, मग फायरमन झालो, बदलीवर राजस्थानात आलो आणि जयपूरला मीटरगेजचा ड्रायव्हर म्हणून रिटायर झालो. हे आधीच सांगतो, कारण माझ्यासारख्याचं विद्यापीठात काय काम, असं कोणीही विचारेल. काम होतं. सूनबाईची नोकरी जायची वेळ आली होती.

सूनबाई जयपुरातच वाढलेली, हिंदी शाळेत शिकलेली. विद्यापीठाच्या एका विभागात ठेक्यावर टायपिंग करायची. त्या हिवाळ्यात तिथल्या सगळ्या कंप्युटरांवरचा टायपिंगचा जुना प्रोग्राम काढून नवा घातला. कंप्युटरवाला आला, तबकडी घातली, निघून गेला. दुसऱ्या दिवशी सूनबाई घरी आली ती जेवायलाच बसेना.

"बाबा, मतलब, सगळं गायबच झालंय. वर ओळीनं नावं होती ना, ती दाबली की खाली यादी उघडायची. आता नुसती चित्रांची पट्टी."

"मग बरं झालं. चित्रं मलाही वाचता येतात."

"मजाक नका करू. आमच्या विभागाचे सर म्हणाले, सोमवारी परीक्षेचं टाइमटेबल छापून माझ्या टेबलावर पाहिजे. ज्याला नवीन चालवता येईल तोच मार्चनंतर राहील."

मुलगा तेव्हा बदलीवर बिकानेरला होता. त्याचा पगार तिथल्या खोलीत आणि येण्याजाण्यात जायचा. तिची नोकरी गेली असती तर नातीची शाळा बदलावी लागली असती, हे तिनं सांगायची गरज नव्हती.

मी तिला एवढंच म्हणालो, "तू रस्ता शिकलेली नाहीस."

रेल्वेत कितीही जुना ड्रायव्हर असो, नव्या लाइनवर त्याला एकट्याला गाडी देत नाहीत. आधी दुसऱ्याबरोबर जाऊन चढ, वळण, सिग्नल सगळं बघायचं, मग सही करायची की रस्ता कळला. आणि चालत्या इंजिनात सिग्नल दिसला की फायरमननं ओरडून सांगायचं, ड्रायव्हरनं तेच परत ओरडायचं. त्यानं डोळे झोपत नाहीत.

रविवारी तिला कंप्युटरच्या खोलीची किल्ली द्यावी, असं सरांनी चौकीदाराला सांगून ठेवलं होतं. रिकाम्या इमारतीत ती एकटी कशी बसणार, म्हणून मी निघालो. घराजवळच्या सोडाल्याहून मिनीबस, पुढे पायी. फाटकावरच्या चौकीदारानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बाबूजी का भी एडमिशन है क्या?"

"हाँ," मी म्हणालो, "तुम्हारी फीस भी मैं ही भर दूँ?"

तो हसला आणि किल्ली दिली.

मी खुर्ची ओढून तिच्या डाव्या हाताला बसलो, फायरमनसारखा. पट्टीवर बोट ठेवून एकेक चित्र सांगू लागलो. "कात्री."

तिनं दाराकडे बघितलं.

"काहून गप्प? परत सांग."

"बाबा, कोणी ऐकलं तर?"

"आवारातले मोर ऐकतील. कात्री."

"कात्री," ती म्हणाली आणि दाबली. अक्षरं नाहीशी झाली.

"ब्रश." "ब्रश." "दुर्बीण." "दुर्बीण, मतलब शोधायचं." "रंगाची बादली." त्या बादलीनं वेळापत्रकाचा एक रकाना पिवळाजर्द झाला आणि मला फार गंमत वाटली. मी तिला हिरवाही करून बघायला लावला. वर थोडी नावं उरली होती, पण दुसरं नाव दाबलं की यादी न उघडता खालची पट्टीच बदलायची, जसा रुळांचा सांधा बदलला की गाडी दुसऱ्याच लाइनवर जाते. असं कोणी बनवलं असेल, त्याला आधी काय सुचलं असेल, हे मी तिला विचारत राहिलो आणि ती "बाबा, पुढे" म्हणत राहिली.

दुपारपर्यंत वेळापत्रक सुरेख जमलं. छापायचं मात्र सापडेना. सगळ्या नावांखाली बघून झालं, एकही चित्र सोडलं नाही. तिचा चेहरा उतरला.

वर डाव्या कोपऱ्यात एक गोल होता, चार रंगांचा. तिनं माउस तिथे नेला.

"हे दाबू?"

"तो कंपनीचा बिल्ला आहे," मी म्हणालो. "प्रत्येक इंजिनावर कारखान्याची पितळी पाटी असते. ती पुसायची असते. तिनं इंजिन चालत नाही."

"पण बाबा, जवळ गेलं की तो चमकतोय."

"चमकणारच. बिल्लाच तो."

तिनं माउस मागे घेतला. मी खाली वाकून छपाई यंत्राच्या वायरी तपासल्या, एक काढून परत घट्ट बसवली, भिंतीचं बटण पाहिलं. काही उपयोग झाला नाही. माझं डोकं तापलं होतं. "पाणी पिऊन येतो," म्हणून बाहेर पडलो. नळावर तोंड धुतलं आणि परत येत होतो, तोच व्हरांड्यात छपाईचा आवाज आला.

आत ती कागद हातात धरून उभी होती.

"कुठून काढलंस?"

"त्या गोलातून." माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "सॉरी बाबा."

चाळीस वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितलं म्हणून मी पाटी दाबून बघितली नसती. पण ती पाटी नव्हती, हे कागदावर दिसत होतं. मी खुर्चीत बसलो.

"परत दाब. बघू दे."

तिनं दाबलं. आत मोठी यादी उघडली, छपाई होती, साठवणं होतं, नवा कागद होता. "ही कुठली रीत?" मी म्हणालो. "मुख्य हँडल कोणी बिल्ल्याच्या पोटात ठेवतं का?"

"जिसने बनाया उसको पूछो," ती हिंदीतच म्हणाली. त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच ती हसत होती.

सोमवारी मी संध्याकाळपर्यंत दारात खुर्ची टाकून बसलो. ती आली, चप्पल काढली, आधी नातीची वेणी सोडली. मग म्हणाली, "सरांनी एक पेपर पुढे ढकलला. लगेच बदलून समोर छापून द्यायला सांगितलं. दिलं."

"हळू बोललीस ना? कात्री, ब्रश?"

"मनात. ओठ हलले असतील थोडे." मग पाण्याचा पेला ठेवत म्हणाली, "मार्चनंतर एक वर्ष वाढवलंय."

मी मान हलवली. मग विचारलं, "पुढच्या रविवारी खोली उघडी मिळेल का?"

"कशाला बाबा? परीक्षा तर झाली."

"तुझी झाली," मी म्हणालो. "त्या यादीत खाली बरंच काही होतं. ते बघायचं राहिलंय."