ताईच्या ब्राउझरमध्ये मी

‘आपलं ठिकाण, आपला अधिकार’ या विषयावर मी अकोल्याच्या एका सभागृहात बोललो, तेव्हा माझा परिचय माझ्या भाषणाहून लांबला होता. ब्राउझरनं ठिकाण विचारलं की सरळ ‘नाही’ म्हणा, आपण कुठं आहोत हे कुणाला सांगायचं ते आपण ठरवायचं, असं मी श्रोत्यांना बजावलं. टाळ्या पडल्या. शाल मिळाली.

मी कुठं आहे ते मी सकाळीच ठरवून टाकलं होतं. अकोल्यातच जठारपेठेत राहणाऱ्या थोरल्या बहिणीला फोनवर सांगितलं, वरूडला आहे म्हणून. बहिणीच्या गावात येऊन तिच्याकडे न जेवता जाणं म्हणजे आमच्याकडे जवळजवळ भांडणच. आणि जेवायला गेलं की दुपार गेली, कारण भाऊजी पोटाची तक्रार मुळापासून सांगतात.

“वरूडले हायेस तं संत्री आणजो,” ताई म्हणाली.

आठवड्यानं अमरावतीहून तिच्याकडे गेलो, ते तिच्याच कोपऱ्यावरच्या दुकानातली संत्री घेऊन. ती वरूडचीच असावीत. निदान ती तरी तिकडून आली होती. ताईनं एक सोललं.

“वरूडची काय?”

“हो. बागेतलीच.”

“गोड हायेत.”

जेवणानंतर भाऊजींचं रेल्वेचं तिकीट काढायला त्यांच्या संगणकासमोर बसलो. ब्राउझरच्या कोपऱ्यात माझाच फोटो. दिवाळीत मेल बघायला खातं उघडलं होतं, ते बंद करायचं राहिलं होतं. नकाशा उघडला. माझा फोन जिथं जिथं गेला ते सगळं तिथं मांडलेलं: सभागृह, शेजारची खानावळ, आणि त्याआधीच्या, ताईला न कळवलेल्या अकोल्याच्या फेऱ्याही. वरूड कुठंच नव्हतं.

ताई मागं उभी होती.

“मले वाटलं, तुले मालूम असन. तू तं त्याच्यावरच भाषण देतं ना?”

“मंग बोलली काहून नाही?”

“काय बोलू? तुह्या भाऊजीनंबी पाह्यलं. मी त्यायले म्हटलं, तुमी झोपले होते, तवा तो दारातूनच भेटून गेला.” मग जरा थांबून म्हणाली, “हॉल तं पायी जायासारखा हाय. मी मागच्या खुर्चीवर बसली असती. तुले दिसलीबी नसती.”

मी खातं बंद केलं. तिच्या डोळ्यांदेखत. माझ्या भाषणाप्रमाणे तेच योग्य होतं.

“राहू देलं असतं,” ती म्हणाली. “तू कुठं हायेस ते तं समजत होतं.”

मी पासवर्डच्या सुरक्षिततेबद्दल काहीतरी पुटपुटलो.

परवा तिचा फोन आला. “कुठं हायेस?”

“अमरावतीतच. घरी.”

खरंच घरी होतो.

“बरं,” म्हणाली. पुढं काही विचारलं नाही, काही आणायलाही सांगितलं नाही.

फोन ठेवल्यावर मी ठिकाण पाठवायच्या बटणावर बोट नेलं, आणि तसाच बसून राहिलो.