आमचे थांबा डॉक्टर

सांगलीतल्या त्या दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरांना सगळे माघारी 'थांबा डॉक्टर' म्हणत. खरं तर माणूस कमालीचा घाईचा. जिना चढायचे ते पायऱ्या गाळत. पेशंटला आणायला उशीर केला की नातेवाइकांची बिनपाण्याने करायचे. पण घरचे मोठ्या उपचारासाठी हटून बसले, की यांचा पहिला शब्द 'थांबा'.

माझ्या वडिलांना, आबांना, शिराळ्यात सकाळी पक्षाघाताचा झटका आला. तोंड किंचित वाकडं, एक हात जड. माझे चुलते, तात्या, तेल चोळायला बसले होते. मी आबांना गाडीत घातलं आणि सांगली गाठली.

तपासणीत मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत रक्ताची गाठ दिसली. झालं, तात्यांनी धोशा लावला. "तार घालून गाठ काढत्यात म्हणं. काढा की. उद्या भावकी म्हणंल, पोरीनं बापाला नुसत्या औषदावर ठेवलं." आमच्याकडे माया उपचाराच्या आकारावरून मोजतात.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "हात उचलतायत, बोलतायत. झटका सौम्य आहे. तार नेताना रक्तवाहिनीला इजा झाली, तर आहे तेही जाईल. गाठ विरघळवायचं औषध सुरू केलंय. बिघडायला लागलं तर लगेच तार घालू. अशा वेळी काय बरोबर, यावर आम्हा डॉक्टरांचंही एकमत नाही. मला हे बरं वाटतं. बोला ताई."

मी घाबरतच हो म्हटलं. तात्या तोंड फिरवून बसले.

डॉक्टर मात्र सारखे आबांच्या खाटेशी. आबा फौजेतून सुभेदार होऊन आलेले. "सुभेदार, पलटणीत जेवण कसं असायचं?"

"लय वंगाळ. आमटीत डाळ हुडकाय लागायची."

आम्ही हसत होतो. डॉक्टर आबांची जीभ कशी वळते ते ऐकत होते. दुपारी आबांचे शब्द एकाएकी जड झाले. डॉक्टरांनी तारेची तयारी करायला सांगितलं. काही वेळाने आबा स्पष्ट बोलले, "काय बगताय? हाय मी." तार लागली नाही.

गेल्या वर्षी डॉक्टर निवृत्त होऊन लेकीकडे निघाले, तेव्हा आबांना घेऊन मी भेटायला गेले. म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही किती शांत होता."

"शांत? यांची जीभ जड झाली तेव्हा मी आतून पार घाबरलो होतो, ताई. वाटलं, माझ्या हट्टापायी माणूस जातोय."

आमच्या वाट्याची भीती हा माणूस दिवसभर एकटा सोसत होता, आणि आम्हाला त्याने हसत ठेवलं होतं. आबा खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले आणि घरच्यासारख्या गप्पा मारू लागले.